ताईच्या नंबराला सगळं लाल

मी संशयी आहे, हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय आणि मी ते कधी नाकारलेलं नाही. कापडाच्या दुकानात वाढलेल्या पोरीनं विश्वास ठेवायचा तरी कशावर? ठोक व्यापारी छातीवर हात ठेवून सांगतो, 'शेठ, रंग पक्का,' आणि पहिल्याच धुण्यात बादलीभर पाणी जांभळं होतं. नवा माल आला की पप्पा एक कोपरा बोटाला थुंकी लावून चोळायचे आणि बोट उजेडात धरून बघायचे. मग मी बघायची. पप्पा फक्त कापड चोळायचे, मी पुढे माणसांनाही चोळून बघायला लागले. शाळेत बाई माझ्याशी गोड बोलल्या तर यांना कुठल्या साडीवर सूट हवीय, असं माझ्या मनात यायचं. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं.

आमचं दुकान आळेफाट्याला होतं. समोरून नाशिकच्या आणि नगरच्या गाड्या जायच्या, ट्रक थांबायचे, आणि सगळी धूळ आमच्या दर्शनी साड्यांवर बसायची. पप्पांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन हे दुकान घातलं, पण आमच्या पिढीला मारवाडीतलं जेवण आणि शिव्या एवढंच येत होतं, बाकी सगळं मराठी. घरात पप्पा, ताई आणि मी. आई गेली तेव्हा ताई दहावीला होती. बारावी झाल्यावर ती जी दुकानात येऊन बसली ती बसलीच.

ताईसारखा बस्ता काढणारं माणूस मी अजून बघितलेलं नाही. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी मिळून एकाच दुकानातून सगळं कापड घेतात, नवरीच्या शालूपासून ते मानपानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत. तो बस्ता. दहा-पंधरा बायका गादीवर बसतात, त्यांतल्या निम्म्या एकमेकींवर रुसलेल्या असतात, आणि दुकानदाराला वाटतं आपण कापड विकतोय. ताईला तसं कधीच वाटलं नाही. बोरी बुद्रुकची एक मंडळी आली होती, त्यातल्या म्हाताऱ्यानं बसता बसताच सांगून टाकलं, "शेठ, लई भारीतलं काढू नका. आमाला झेपलं असं दावा."

ताईनं किमतीचं काही विचारलंच नाही. तिनं नवरदेवाच्या आईकडे बघून विचारलं, "मावशी, थोरल्या जाऊबाई आणि धाकट्या जाऊबाई शेजारी शेजारी का बसल्या नाहीत?"

बाई आधी चपापली आणि मग हसली. "आता गं बया! पोरी, तुला कुणी सांगितलं? वरीस झालं, बोलत न्हाईत दोगी."

"मग दोघींना एकाच पोताच्या साड्या देऊ, पण रंग वेगळा. पोत वेगळा दिला तर एक घरी जाऊन रडेल, आणि रंग एक दिला तर दोघी नेसणार नाहीत."

म्हातारा पप्पांना म्हणाला, "शेठ, ही पोरगी सासरला गेली की दुकानाला कुलूप लावा राव." सगळे हसले. पप्पाही हसले. मी पप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते जरा उशिरा हसले होते.

ताईचं लग्न हा आमच्या घरात तेव्हा रोजचा विषय होता. स्थळं बघायचं काम जुन्नरच्या काकांकडे होतं. हे काका सख्खे नव्हेत, समाजातल्या सगळ्यांचेच काका. लोखंडी सामानाचं दुकान होतं, आणि पुण्य म्हणून ते जुन्नर-आंबेगावच्या आमच्या सगळ्या घरांतली स्थळं जुळवून द्यायचे. आमच्यात लग्न जुळवताना चार गोत्रं टाळायची असतात: आपलं स्वतःचं, आईच्या माहेरचं, आजीच्या माहेरचं आणि आईच्या आईच्या माहेरचं. मुलाची चार, मुलीची चार. त्यांतलं एक जरी इकडचं तिकडं जुळलं, तरी ते भाऊ-बहीण. तिथे रूप, शिक्षण, घरदार काही बोलायचं नाही, चहा पिऊन उठायचं. काका आधी वह्या उघडून, दोन ओळींवर दोन बोटं ठेवून हे मिळवत बसायचे. एका स्थळाला अर्धी दुपार जायची.

मग त्यांच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि तो आपला जुना कम्प्युटर घरी ठेवून गेला. ताईनं आळेफाट्याच्या क्लासमध्ये कोर्स केलेला होता, म्हणून दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ती एस.टी.नं जुन्नरला जाऊन त्या वह्या एक्सेलमध्ये उतरवून द्यायला लागली. प्रत्येक मुलाला एक ओळ, प्रत्येक मुलीला एक नंबर. काही महिन्यांनी काका सगळ्या समाजाला एक नवलाई दाखवायला लागले. वरच्या चौकोनात मुलीचा नंबर टाकला की खाली मुलांच्या ओळी आपोआप रंग बदलायच्या. गोत्र जुळलं की ओळ लाल. मुलगा मुलीपेक्षा लहान असला की पिवळी. जी पांढरी राहील, तिथे बोलणं करायचं. याला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. आपण अट सांगायची आणि अट पुरी झाली की चौकोनानं रंग घ्यायचा, एवढंच ते आहे. पण काका एका बोटानं नंबर दाबून, एंटर मारून, खुर्चीत असे मागे रेलायचे की बायका पदर सावरून बसायच्या.

"हे सगळं मी बसवलंय," ते म्हणायचे. "वहीत चूक व्हायची. यात होणे नाही."

त्या दिवसापासून वह्या माळ्यावर गेल्या. काका नुसता रंग बघायचे आणि फोन फिरवायचे.

आणि आमच्या ताईच्या नंबराला सगळं लाल यायचं. थोडं पिवळं, बाकी लाल. पांढरं एकही नाही.

पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. आमची चारही गोत्रं मोठी, या भागात दर दुसरं घर त्यांतलं. लोकही तेच म्हणायचे. "मोठ्या गोत्रांची पोरगी, अवघड असतं," म्हणून हळहळायचे आणि विषय संपवायचे. काकांचा फोन आला की पप्पा उभ्याउभ्याच घ्यायचे. "लाल का? बरं. बरं, राहू द्या मग." आणि रिसीव्हर ठेवून गिऱ्हाइकाकडे वळायचे. ताई मीटर हातात घेऊन ब्लाउजपीस फाडत असायची. तिनं कधी मान वर करून विचारलं नाही, कुणाचं स्थळ होतं. मला ती सोशिक वाटायची आणि तिचा फार कळवळा यायचा.

मग मंचरचं प्रकरण झालं. घोडेगावला एका लग्नात मंचरच्या एका बाईंनी ताईला बघितलं. औषधांचं दुकान, एकुलता मुलगा, माणसं भली. बाई आपणहून पप्पांजवळ येऊन म्हणाल्या, "तुमची मोठी मला आवडली. काकांना सांगा, बघून ठेवा." मुलीकडच्यांना अशी माणसं शोधून सापडत नाहीत. दोन दिवसांनी काकांचा फोन. लाल.

त्याच फोनवर पप्पा म्हणाले, "मग असं करा. धाकटीचं नाव घालून ठेवा."

मी गल्ल्यापाशी उभी होते. आमच्यात मोठीच्या आधी धाकटी उजवत नाहीत. आणि कुणी उजवलीच, तर मोठीचं लग्न आता होत नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं. नंतर तिला स्थळं येतात ती बिजवरांची, नाहीतर मुळीच येत नाहीत. म्हणजे पप्पांनी एका वाक्यात ताईचा निकाल लावला होता, आणि तोही एका रंगाच्या भरवशावर. माझ्या डोक्यात संशय शिरला तो त्या क्षणी. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पाणी कुठे मुरतंय हे मला लगेच दिसलंही. काकांना एक मुलगी होती, ताईहून वर्षभरानं लहान. दिसायला बरी, पण ताईपुढे फिकी. तिचंही जमत नव्हतं. ज्याच्या हातात रंगाची किल्ली, त्याच्याच घरात लग्नाची मुलगी! आणि ते स्वतः सांगत फिरत होते की हे सगळं मी बसवलंय. याला आणखी पुरावा काय लागतो? मी रात्रभर काकांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की माझी सगळी मारवाडी खर्ची पडली.

रविवारी नारायणगावला गाडी बदलून मी जुन्नर गाठलं. काकांनी कौतुकानं बसवलं, काकूंनी चहा आणि खाकरे आणले. काकांची मुलगी समोर ट्रे ठेवून माझ्याकडे बघून हसली आणि मला वाटलं, हिलाही माहीत असणार.

"तुझं नाव घालायचंय ना?" काका म्हणाले. "पप्पा बोलले मला."

"घालू. आधी ताईचा नंबर टाका ना, मला बघायचंय."

त्यांनी टाकला. सगळा पडदा लालेलाल. मी मंचरची ओळ शोधली. लाल.

"आता तुमच्या मुलीचा टाका."

काकांचं बोट कळफलकावर थबकलं. हे मी अगदी टिपून घेतलं. "तिचा कशाला?" ते म्हणाले. मी म्हटलं, "सहज. गंमत." त्यांनी टाकला. पडदा शेतात तुकडे पडावेत तसा झाला, काही लाल, काही पिवळं, काही पांढरं. मंचरची ओळ स्वच्छ पांढरी होती.

"काका, तुम्ही अट कशी घातलीय ती दाखवा ना. आम्हाला कॉलेजात शिकवतायत."

"त्याला हात लावायचा नाही." ते पटकन म्हणाले, आणि त्यांनी माऊसच माझ्यापासून लांब सरकवला. "एकदा बिघडलं की पुण्याहून पोराला बोलवावं लागतं."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी गोड हसले. माझी माहिती सावकाश भरून आणते, असं सांगून फाईल फ्लॉपीवर मागून घेतली. फ्लॉपीवर फाईल घ्यायची कशी, हे काकांना आठवेना, ते मीच केलं. त्यातही मला नाटकच दिसलं.

सोमवारी कॉलेजच्या लॅबमध्ये मी ती फाईल उघडली. बाजूची मुलगी टॅलीची उजळणी करत होती, तिला दिसू नये म्हणून मी स्क्रीन जरा वाकडा केला. आधी मी काकांच्या जुन्या पद्धतीनं काम केलं. आमची चार गोत्रं कागदावर लिहिली, मंचरची चार त्यांच्यासमोर, आणि एकेक मिळवून बघितलं. कुठलंच जुळत नव्हतं. पुन्हा बघितलं. मग दुसरा मुलगा, तिसरा मुलगा, लाल दिसलेले सगळे. काहींचं खरंच जुळत होतं. पण कितीतरी जणांचं काहीही जुळत नव्हतं आणि तरी ते लाल होते.

मग मी ओळीवर जाऊन 'फॉरमॅट'मधलं 'कंडिशनल फॉरमॅटिंग' उघडलं. तेव्हाच्या एक्सेलमध्ये एका जागी तीनच अटी बसायच्या. काका ज्या गोष्टी सांगत होते त्या दोन: वय आणि गोत्र. तिथे अटी तीन होत्या. पहिली वयाची, पिवळी. तिसरी गोत्राची, लाल. आणि दोहोंच्या मध्ये एक दुसरी, तीही लाल. तिच्यात गोत्र नव्हतं, वय नव्हतं, काहीच नव्हतं. तिच्यात एवढंच होतं की वरच्या चौकोनात अमुक नंबर असेल तर लाल. तो नंबर ताईचा होता.

वरची अट लागू झाली की खालचीकडे एक्सेल बघतही नाही. म्हणजे ताईची गोत्रं कुणी तपासलीच नव्हती. तिचा नंबर टाकला की सरसकट लाल, वयानं लहान असलेले तेवढे पिवळे. किती साधं आणि किती नीच, असं मला वाटलं. रागानं मला रडू फुटलं. बाजूच्या मुलीला वाटलं, मी नापास झाले.

मी तास सोडून निघाले ते थेट दुकानात. पप्पा जेवायला घरी गेले होते. पिंपरी पेंढारचा एक बस्ता नुकताच उरकला होता, सगळी गादी उलगडलेल्या साड्यांनी भरली होती आणि ताई एकेक घडी घालत होती. मी चप्पलही न काढता बोलायला सुरुवात केली. काकांनी काय केलंय, का केलंय, त्यांची मुलगी, मंचरचं स्थळ, माऊस कसा लांब सरकवला, सगळं. पप्पा आले की आत्ताच्या आत्ता जुन्नरला जायचं आणि समाजासमोर काकांची अब्रू काढायची, असंही सांगितलं.

"हळू बोल," ताई म्हणाली. "आणि चप्पल काढ, साड्या आहेत."

"साड्या गेल्या खड्ड्यात! तुझ्या आयुष्याचं वाटोळं केलं त्यांनी!"

तिनं हातातली घडी पूर्ण केली, खाली ठेवली, वरून हात फिरवला. "काकांना अजून फाईल सेव्ह करता येत नाही," ती म्हणाली. "ती अट मी घातलीय. सगळ्याच अटी मीच घातल्यात. त्यांना मिरवायचं होतं, मी मिरवू दिलं."

अख्ख्या जुन्नर तालुक्यावर संशय घेऊन झाला होता, फक्त माझ्या अंथरुणाशेजारी जी झोपत होती तिच्यावर नव्हता. काकांनी माऊस सरकवला तो भीतीनं. आत काय आहे ते त्यांनाच माहीत नव्हतं. आणि मुलीचा नंबर टाकताना बोट थबकलं ते लाजेनं, मुलीसमोर मुलीची स्थळं कशी बघायची म्हणून. मी इतके दिवस साप समजून भुई धोपटत होते.

"का?" एवढंच मी विचारलं.

"वह्या होत्या तेव्हा बघायला आलेल्यांतल्या प्रत्येकानं काय विचारलं, आठवतंय तुला? स्वयंपाक येतो का, ते नाही. 'लग्नानंतर दुकानात नाही ना बसणार?' हे. त्यांचंही दुकान असायचं गं. पण तिथे सुनेनं बसायचं नाही." तिनं दुसरी साडी ओढली. "लग्न वाईट असतं असं मी म्हणत नाही. मंचरच्या बाई मला आवडल्या होत्या. पण मला हे दुकान हवंय. लग्न आणि दुकान दोन्ही मिळत असतं तर घेतलं असतं. एकच मिळणार होतं."

"मग पप्पांना सांगायचंस ना तसं!"

"काय सांगू? मी नाही म्हटलं की का नाही, विचारतात. कारण सांगितलं की समजूत काढतात. मग आत्या येते, मामा येतात, चार जण समजूत काढतात. मला माहितेय मी किती टिकले असते." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "गोत्राला कुणी 'का' विचारत नाही. लाल म्हटलं की उठतात."

तिच्यावर मी एवढी चिडले होते आणि तरी मला तिला मिठी मारावीशी वाटत होती. मी दोन्ही केलं नाही. मी म्हटलं, "आणि माझं काय? माझ्याही नंबराला काही करून ठेवलंयस का?"

"तुझ्या नंबराला मी हात लावलेला नाही. तुझं खरं तेच दिसेल."

"मला तरी सांगायचंस."

"तू? तू मला त्याच दिवसापासून थुंकी लावून चोळायला सुरुवात केली असतीस." ती हसली. मला हसू आलं नाही, पण खोटं काय होतं त्यात? मी चप्पल काढली आणि तिच्यासमोर बसून घड्या घालायला लागले. पप्पा आले तेव्हा आम्ही दोघी घड्याच घालत होतो. त्यांनी एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पंखा वाढवला.

फ्लॉपी मी माझी माहिती भरून परत केली. काका म्हणाले, "बिघडवलं नाहीस ना?" मी म्हटलं, "नाही काका." त्यांच्याशी पुढे मी इतकी गोड वागले की आता ते माझ्यावर संशय घ्यायला लागले.

ताईच्या गुपिताची भीती मात्र मला सारखी लागून राहिली. कुणीतरी कधीतरी ती आठ गोत्रं हातानं मिळवणारच, आणि मग? समाजात गोत्राचं खोटं सांगणं म्हणजे देवाची खोटी शपथ घेण्यासारखं. ताईला लोकांनी सोडलं नसतंच, पप्पांनाही सोडलं नसतं. फोन वाजला की मी रिसीव्हरवर झडप घालायची. दुकानात आमच्यातलं कुणी आलं की माझं लक्ष कापडावर नसायचं. मंचरच्या बाई पुन्हा भेटू नयेत म्हणून मी दोन लग्नं टाळली.

त्या भेटल्याच. त्या वर्षी मंचरच्या मुलाचं काकांच्या मुलीशी जमलं, आणि मानपानाचं सगळं कापड आमच्याकडून घ्यायचं ठरलं. एका सकाळी मंचरची आणि जुन्नरची, अशी दोन्ही मंडळी आमच्या गादीवर येऊन बसली. काका खुशीत होते, ज्याला त्याला सांगत होते, "माझ्याच सिस्टिमनं जमलं. पांढरं आलं, लगेच फोन केला." मंचरच्या बाई ताईकडे बघत होत्या. मला वाटलं, आता ही बाई काहीतरी विचारणार. मी पप्पांशेजारी गल्ल्यापाशी अंग चोरून उभी राहिले.

बाईंनी विचारलं ते वेगळंच. "माझ्या नणंदा तीन, एक फार मानी आहे. काय देऊ?" आणि ताई नेहमीसारखी पुढे सरकून बसली. मानी नणंद उंच की ठेंगणी, गोरी की सावळी, हे विचारत तिनं तीन साड्या काढल्या. तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाची रेघही नव्हती. जे तिचं होऊ शकलं असतं त्याचाच मानपान ती मांडत होती आणि तिला मजा येत होती. मी सगळीकडे बघत होते, फक्त पप्पांकडे सोडून. पप्पा हळू आवाजात, गल्ल्यातली नाणी लावता लावता, एकेक गोत्र म्हणायला लागले. चार गोत्रं म्हणाले. मंचरवाल्यांची.

"या मुलाच्या आई-बापाच्या लग्नात पंगतीत वाढायला मी होतो," ते म्हणाले. "गोत्र बघायला मला कम्प्युटर लागतो का गं?"

मी त्यांच्याकडे वळले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"काका फोनवर लाल म्हणाला, तेव्हाच."

"मग त्यांच्यावर संशय नाही घेतलात?"

"काकाचं डोकं एवढं चालत नाही. फाईल कोण लिहितं, ते मला माहीत नाही का?"

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. इतके दिवस ताई त्यांच्यापासून लपत होती, मी लपवत होते, आणि हा माणूस सगळं समजून गप्प बसला होता. धाकटीचं नाव घाला म्हणाले तेही त्यासाठीच होतं तर, तिच्या मागची कटकट संपावी म्हणून! आणि मी त्यांना निष्ठुर ठरवून मोकळी झाले होते. मी म्हटलं, "पप्पा, मग तिला एकदा सांगा ना. तुम्हाला मान्य आहे म्हणून. ती जिवाला लावून घेते."

"मान्य कुठे आहे?" ते म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"बापाला असलं मान्य असतं का? समाजाला काय तोंड दाखवायचं?" त्यांनी नाण्यांची चवड सरळ केली. त्यांचा आवाज जराही चढलेला नव्हता. "तिनं समोर येऊन विचारलं असतं ना, तर मी त्याच महिन्यात तिचं लग्न लावून दिलं असतं."

मला त्यांचा राग आला. तो किती आला हे मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही. त्यांनीच तिला वाचवलं होतं आणि तिनं विचारलं असतं तर त्यांनीच तिचं चालू दिलं नसतं, आणि या दोन्ही गोष्टी ते एकाच दमात, सुटे पैसे मोजावेत तसं सांगत होते. ताईला हे कसं सांगायचं? आणि नाही सांगायचं तर का नाही? मी तोंड उघडलं, पण गादीवरून ताईची हाक आली.

"पप्पा, वरच्या फळीवरची ती मोरपंखी द्या ना. मानी नणंदेला."

पप्पा उठले, शिडी लावली आणि मोरपंखी काढून तिच्या हातात दिली.